विश्लेषण : आर्क्टिकच्या विकास आराखड्यात नान्सेन यांच्या नोंदी का महत्त्वाच्या?

आर्क्टिकमध्ये बंदर किंवा इंधनाची टाकी बांधायची, तर पुढच्या काही दशकांचे हवामान गृहीत धरावे लागते. तिथले हवामान किती बदलले, हे ठरवायला जुनी मोजमापे हवीत. ती मागे ठेवणाऱ्यांत नॉर्वेचे फ्रिद्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) हे ठळक नाव.

बर्फात जहाज मुद्दाम का अडकवले?

प्राणिशास्त्र शिकलेल्या नान्सेन यांनी १८८८ मध्ये पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले. त्याआधी, १८८१ मध्ये, सैबेरियाच्या उत्तरेस बर्फाने चिरडलेल्या 'जॅनेट' जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागले होते. म्हणजे बर्फ वाहतो. मग आपणही त्याच्यासोबत वाहत जाऊ, असे त्यांनी ठरवले. अनेक अनुभवी दर्यावर्दींना हा शुद्ध वेडेपणा वाटला. गोलसर बुडाचे 'फ्राम' सप्टेंबर १८९३ मध्ये न्यू सैबेरियन बेटांच्या उत्तरेला गोठले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनजवळ मोकळे झाले. मधल्या काळात नान्सेन एका सोबत्याला घेऊन ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ मिनिटांवरून परतावे लागले. ध्रुव हुकला, पण तेराही जण सुखरूप परतले आणि तापमान, समुद्राची खोली, बर्फाची दिशा यांच्या तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या. ध्रुवापेक्षा त्याच मोलाच्या ठरल्या.

२००६ मध्ये 'तारा' ही फ्रेंच नौका साधारण त्याच मार्गावर गोठवण्यात आली. ती सुमारे १६ महिन्यांतच बाहेर पडली!

सैबेरियाशी संबंध काय?

सैबेरियाचा माल समुद्रमार्गे युरोपात नेता येईल का, या प्रश्नासाठी नान्सेन १९१३ मध्ये 'करेक्ट' या आगबोटीने कारा समुद्रातून येनिसेई नदीच्या मुखाशी पोहोचले. त्या प्रवासावरील पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीने नावातच सैबेरियाला भविष्याची भूमी ठरवले. हा आशावाद आज जरा जास्त वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर ते निर्वासितांच्या कामात गुंतले. १९२२ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले.

आज अडचण कुठे आहे?

येनिसेईच्याच पूर्वेला नोरिल्स्क हे खाणशहर कायम गोठलेल्या जमिनीवर, खोल खांबांच्या आधाराने उभे आहे. जमीन गोठलेली असेल तोवरच खांब भार पेलतात. मे २०२० मध्ये तिथली डिझेलची टाकी खचून सुमारे २१ हजार टन इंधन सांडले. कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवले, तपासणी यंत्रणेने बांधकामातील दोषांकडे. पण आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत असताना वितळणारी जमीन ही अकल्पित घटना म्हणता येत नाही. पायाची खोली आता मागील सरासरी तापमानावर नव्हे, पुढच्या अंदाजावर ठरवावी लागते आणि जमिनीचे तापमान बांधकामानंतरही मोजत राहावे लागते. बर्फ घटला की जहाजांना वाट मिळते, हे खरे. पण बर्फाचा आडोसा गेल्याने लाटा किनारा पोखरतात, आणि बंदर तिथेच बांधायचे असते.