‘किरण’ विमान घडवणारे डॉ. घाटगे कोण होते?

हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या ज्या ‘किरण’वर जेट उडवायला शिकल्या, ते विमान घडले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली. जन्म १९०८चा. जर्मनीतील गटिंगेन येथे त्यांनी लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे बंगळुरूत त्यांच्या आराखड्यावर बनलेले पंख्याचे ‘एचटी-२’ १९५१ मध्ये उडाले आणि जेट ‘किरण’ १९६४ मध्ये. ‘किरण’मध्ये प्रशिक्षक आणि शिकाऊ शेजारी-शेजारी बसतात. नवख्याचा हात कुठे चुकतोय, हे लगेच दिसते.

सांगाडा भक्कम असल्याने १९७६ मध्ये त्यावर जास्त ताकदीचे ऑर्फियस इंजिन चढले. घाटगे १९९१ मध्ये निवर्तले. विमान मात्र निवृत्त होईना! त्याची जागा घेणारे ‘सितारा’ २००३ मध्ये उडाले, पण गिरकीतून सावरण्याच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे अडकले. खरी अडचण कॉकपिटची आहे. ‘किरण’ काट्यांच्या तबकड्यांच्या जमान्यातले, तर आजची लढाऊ विमाने डिजिटल पडद्यांची. गजबजलेल्या आकाशात रडारला स्वतःची ओळख आणि उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डरही लागतो. आधुनिक कॉकपिटच्या सुधारित ‘सितारा’चे २०२५ मध्ये ‘यशस’ असे नामकरण झाले.