दुसऱ्यांच्या फुलदाणीतली फुले

फुले देवाला वाहायची, बायकांनी केसांत माळायची, दसऱ्याला दाराला बांधायची. काचेच्या भांड्यात पाणी घालून त्यांना नुसते उभे करून ठेवायचे, ही रीत आमच्या मुरबाडकडची नव्हे. तिथल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी ग्रेड परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर असतो. त्याच्या सरावासाठी मी टेबलावर पितळी तांब्या, दोन कांदे, एखादे वांगे मांडून ठेवत असे. मुले मुकाट्याने तांब्या काढत. तांब्या त्यांच्या ओळखीचा होता. फुलदाणी काढायला सांगितली की सगळ्या वर्गाची पंचाईत होई, कारण ती कुणाच्याच घरी नव्हती.

१९८७ च्या पावसाळ्यात माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आला. माळशेजच्या पायथ्याकडील एका पाड्यावरचा, वयाने इतरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. भाताचे एकुलते एक पीक हाती आले की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जात. मधली दोन वर्षे त्याला कुणा ओळखीच्या माणसाने शहरातल्या एका बंगल्यात कामाला ठेवले होते. तिथून तो परत आला तो जवळजवळ मुका होऊन. हजेरीला 'हजर' म्हणे, एवढेच. चित्रकलेच्या तासाला मात्र त्याच्या कागदावर पोपटी पडदे, लाल गालिचा, निळ्या काचेची फुलदाणी आणि तिच्यात आमच्या रानात न उगवणारी फुले दिसत. रंग असे भडक की शेजारच्या बाकावरची पोरे माना वळवून पाहत. मी त्याला दोनदा रागावलो. श्रीमंतांच्या घरचे देखावे कसले काढतोस, आपल्या घरचे काढ, असे बजावले. त्याने पाड्याचे एक चित्र काढून दिले, नुसते पेन्सिलीने, रंगाचा ठिपकाही न लावता. पुढचे दोन तास तो वर्गात आलाच नाही.

माझे काय चुकले हे मला एका चित्रकाराच्या आयुष्याने दाखवून दिले. त्याच दिवाळीच्या सुटीत मुंबईला फोर्टमधल्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना मला एक पातळशी पुस्तिका मिळाली. के. एच. आरा हे नाव मी चित्रकला शिकताना ऐकले होते, प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या यादीतले एक नाव म्हणून. त्यांनी काढलेल्या फुलांचे रंगीत ठसे पाहिले, मग त्यांची हकीकत वाचली आणि कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून मी ती पुन्हा वाचली.

कृष्णाजी हौलाजी आरा यांचा जन्म १६ एप्रिल १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलाराम या छावणीच्या गावचा. वडील मोटार चालवण्याची नोकरी करीत. मुलगा तीन वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि सातव्या वर्षाच्या सुमारास हा पोरगा घर सोडून मुंबईत दाखल झाला. सात वर्षे म्हणजे शाळेच्या हिशेबाने दुसरीतले मूल. आपल्या घरात त्या वयाच्या मुलाला आपण रस्ता ओलांडू देत नाही. आराने मुंबईत मोटारी धुतल्या, पुसल्या आणि पुढे तो एका इंग्रज कुटुंबाकडे घरगडी म्हणून राहिला.

घरगड्याचे एकटेपण हा एक निराळाच प्रकार आहे. म्हातारा माणूस रिकाम्या घरात एकटा असतो, घरगडी भरलेल्या घरात. कुणाला चहात साखर किती लागते, कोण रात्री उशिरा येते, कोण कुणावर रुसले आहे, सारे त्याला ठाऊक. त्याच्याविषयी मात्र कुणाला काही ठाऊक नसते. घरातल्या माणसांशी त्याचे नाते हुकमापुरते. वस्तूंशी मात्र रोजचे. बशी, सुरई, फळांचे ताट, फुलदाणी या गोष्टी तो दिवसातून चारदा हातात घेतो, पुसतो, जागच्या जागी ठेवतो. त्या त्याच्या नसतात, पण त्यांचे वजन, त्यांच्या कडा, त्यांच्यावर पडणारा सकाळचा उजेड मालकिणीपेक्षा त्यालाच अधिक माहीत असतो. आरांच्या चित्रांत पुढे आयुष्यभर याच वस्तू आल्या: फुलदाण्या, सुरया, बरण्या, फळे आणि फुले, फुले, फुले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हा माझा तर्क आहे, कुणा समीक्षकाचा नव्हे. पण त्या मुलाची कागदावरची फुलदाणी आठवली की मला हा तर्क पटतो.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आरा सोळा वर्षांचे होते. तेही त्यात उतरले आणि पाच महिने तुरुंगात राहून आले. इंग्रजांच्या घरात राबलेला पोरगा इंग्रजांच्याच तुरुंगात जातो, यात देशप्रेम तर होतेच. पण मला असेही वाटते की हुकूम देणारे नाहीत, सारे बरोबरीचे, अशी माणसे त्याला तिथे पहिल्यांदाच भेटली असतील.

सुटल्यावर पुन्हा मोटारी पुसणे आले. या खेपेस नोकरी एका जपानी कंपनीकडे होती आणि राहायला वाळकेश्वरला एक लहानशी खोली. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला, जपानी मंडळी गेली. आरांची नोकरी गेली, खोली तेवढी राहिली. त्या खोलीत ते चित्रे काढीत. कुठल्याही कलाशाळेचे शिक्षण नाही, गुरू नाही, दिवसा पोटाचा उद्योग आणि उरलेल्या वेळात रंग. वाळकेश्वर हा मुंबईतला धनिकांचा भाग. बाहेर बंगले, बागा, समुद्र, आणि त्यांच्यामध्ये ही नोकरमाणसाची खोली. तिच्यात रंगांचा ढीग साठत गेला.

त्यांची चित्रे आधी कुणाच्या नजरेस पडली हे पाहण्यासारखे आहे. रुडी व्हॉन लायडन हे 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहीत. ते हिटलरची जर्मनी सोडून मुंबईला आलेले. त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियाचे, तेही नाझींपायी देश सोडलेले. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. चित्रे विकत घेणारे एमॅन्युएल श्लेसिंगर हेही असेच निर्वासित. आमच्या कलाशाळांतले विद्वान अभ्यासक्रमात गढलेले असताना या मोटारी पुसणाऱ्या माणसाचे रंग ओळखले ते घरदार तुटलेल्या परदेशी माणसांनी. योगायोग म्हणा, पण परका माणूस परक्याला लवकर ओळखतो हेही खरे.

१९४२ मध्ये आरांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरले. १९४४ मध्ये त्यांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. मग १९४७ साल उजाडले. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे एक भले मोठे चित्र आरांनी रंगवले आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाने ते नाकारले. ज्या गर्दीसाठी तुरुंगात गेले त्या गर्दीचा विजयोत्सव त्यांनी काढला, तर त्यालाच दार बंद! या नकारातून जे पेटले त्यातून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. गोव्याचे सूझा, मध्य प्रांतातले रझा आणि आरा असे तिघे प्रथम एकत्र आले. प्रत्येकाने आणखी एकाला आणायचे ठरले. सूझांनी सिनेमाची पोस्टरे रंगवणारे हुसेन आणले, रझांनी विदर्भातले गाडे, आणि आरांनी शिल्पकार सदानंद बाकरे. १९४९ मध्ये या सहा जणांचे प्रदर्शन मुंबईत भरले, त्याचे उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात आज ज्याला मोठे पान आहे ते हेच.

पण आरांच्या बाजूने पाहिले तर मला त्या इतिहासापेक्षा दुसरीच गोष्ट दिसते. ज्याला सातव्या वर्षापासून भाऊबंद नव्हते त्याला तेहतिसाव्या वर्षी पाच भाऊ मिळाले, आणि ते टिकले किती? त्याच १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले. १९५० मध्ये रझा पॅरिसला. १९५१ मध्ये बाकरे, ज्यांना आरांनीच आणले होते, तेही लंडनला. ग्रुप विरला. आरा मुंबईतच राहिले. १९५२ मध्ये नकार देणाऱ्या त्याच सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले, तेव्हा त्यांच्याबरोबर भांडायला उभे राहिलेले निम्मे सोबती सातासमुद्रापार होते.

आता त्या फुलांविषयी. मुंबईला एका प्रदर्शनात आरांची मूळ चित्रे पाहण्याचा योग पुढे मला आला. जलरंग म्हटले की आम्हा मास्तरांच्या डोळ्यांसमोर पातळ, पारदर्शक वॉश येतो आणि खालचा कागद चमकायला हवा असा आमचा आग्रह असतो. आरा जलरंगही तेलरंगासारखे घट्ट वापरतात. पिवळ्याच्या शेजारी शेंदरी, शेंदरीला भिडून गर्द निळा, मध्ये पांढऱ्याचा एक जाड फटकारा. पाकळ्या मोजायला जाल तर फसाल, फूल कोणते हेही सांगता येत नाही. पण दांडे पाण्यात कसे तिरके टेकतात, भरगच्च गुच्छाच्या वजनाने फुलदाणी कशी जराशी कलल्यासारखी वाटते, हे इतके नेमके की ते रोज फुले लावणाऱ्यालाच कळावे. फुलदाण्या फुगीर, लठ्ठ, कागद व्यापून बसलेल्या. आजूबाजूला खोली जवळजवळ नाहीच. खिडकी नाही, माणूस नाही. फुले पाहुण्यांसाठी मांडलेली वाटत नाहीत. त्या कागदावर तीच घरची मालकीण!

आरांनी नग्नचित्रेही पुष्कळ काढली आणि त्यासाठीही त्यांचे नाव घेतले जाते. त्या जाणत्यांच्या चर्चेत मी शिरत नाही. मात्र एक गोष्ट मास्तर म्हणून सांगायला हवी: आरांचे सगळेच काम उत्तम नाही. त्यांनी भराभर आणि अतोनात रंगवले, स्वस्तात दिले, आणि पुढच्या काळातल्या काही गुच्छांत हात सवयीने चाललेला दिसतो. हुसेन, रझा, सूझा यांच्या चित्रांचे कोटींचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, आरांचे नाव त्या मानाने मागे राहिले ते काही अंशी यामुळेही असेल. पण होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रे जमवली त्या संग्रहात आरा आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही आहेत.

आरांनी लग्न केले नाही. एका मुलीला त्यांनी आपली लेक मानले. आणि काळाघोड्याजवळ रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात ते वर्षानुवर्षे राबले. राबले हाच शब्द बरोबर. नव्या, होतकरू, खिशात पैसे नसलेल्या चित्रकाराला भिंत मिळावी, प्रदर्शन भरवता यावे, यासाठी ती जागा होती. परगावाहून मुंबईत आलेल्या पोराला तिथे आरा भेटत. मला हे वाचून फार बरे वाटले. रंगांनी माणसाचे एकटेपण जाते असे सहज म्हटले जाते, पण नुसत्या फुलांवर त्यांचे भागले असते तर ते वाळकेश्वरच्या खोलीतून बाहेर पडलेच नसते. आधी त्यांनी कागदावर घर मांडले, मग त्या घरात माणसांना बोलावले. ३० जून १९८५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मी त्यांचे पहिले चित्र पाहिले ते दोन वर्षे उशिरा.

सुटी संपल्यावर मी त्या पुस्तिकेतला एक ठसा पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावला. काही बोललो नाही. माफी मागायचे धाडस मास्तरांत कमीच असते. तो मुलगा बराच वेळ त्यासमोर उभा राहिला आणि त्याने मला विचारले की ही फुलदाणी कुणाच्या घरची. मी सांगितले की काढणारा माणूस लहानपणी दुसऱ्यांच्या घरी कामाला होता. तेव्हा तो सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे बोलू लागला. फुलदाणीतले पाणी रोज सकाळी बदलावे लागते, नाही बदलले तर दांडे सडतात आणि वास मारतो, काच आतून चिकट होते ती राखेने नव्हे तर मिठाने घासायची, आणि दांडे तिरके कापले तर फुले दोन दिवस जास्त राहतात, असे सगळे. मुले आ वासून ऐकत होती. मी मध्ये बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर लोणच्याची रिकामी बरणी होती आणि तिच्यात बांधावरची पिवळी रानफुले, पाण्यात उभी. दांडे तिरके कापलेले. तांब्या त्याने खाली काढून ठेवला होता. त्या तासाला आम्ही सगळ्यांनी तीच बरणी काढली, मीसुद्धा.

पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसला. पेपरला नेमका तांब्याच आला. त्याला सी ग्रेड मिळाली.