नीरा खोऱ्यातली चोपण जमीन आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन

उसाच्या रानातल्या खोलगट कोपऱ्यात आधी पांढरी भुकटी दिसते. पुढच्या वर्षी तिथला ऊस पिवळा पडतो, खुंटतो. त्यानंतर तिथे लवाळा तेवढा उरतो आणि पांढरा पट्टा शेजारच्या वाफ्यात सरकतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांनी हे सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले. कालवा आला, गुळाचे पैसे आले आणि मागोमाग जमिनी नासू लागल्या. या जमिनींची रीतसर तपासणी करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने एक पुस्तिका काढली. खात्याच्या मालिकेतली ती ३९ वी. तिच्यावर दोन नावे होती, डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे.

मॅन हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असते ते दख्खनच्या खेड्यांच्या अभ्यासामुळे. पण मूळचे ते रसायनशास्त्रज्ञ होते. जन्म १८७२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. लीड्सला शिक्षण झाले, काही काळ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केले, मग रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या रसायनशाळेत. १९०० साली ते हिंदुस्थानात आले ते चहाच्या मळेवाल्यांचे शास्त्रज्ञ म्हणून. आसामात चहाच्या किडी आणि रोगांवर त्यांनी जॉर्ज वॅट यांच्याबरोबर १९०३ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. १९०७ साली ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढची वीस वर्षे महाराष्ट्राच्या शेतीत रमले.

आसाम म्हणजे भरपूर पाऊस आणि आम्ल माती. तिथून हा माणूस बारामती-इंदापूरच्या बाजूला आला, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सामू ८ च्या वर असतो. रसायनशास्त्रज्ञाला याहून मोठा बदल सापडणे कठीण.

कालव्याने काय बदलले

१८७६-७७ च्या दुष्काळात पुणे-सोलापूरचा अवर्षणप्रवण भाग होरपळला. त्यानंतर नीरेवरच्या कालव्याला गती मिळाली. १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्याचे पाणी सुरू झाले, वर भाटघरचे धरण झाले. हेतू दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवण्याचा होता. पाणी हाती आल्यावर शेतकऱ्याने ऊस लावला, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण पैसा उसातच होता. पाणी मोजून देण्याची सवय ना खात्याला होती ना शेतकऱ्याला. विश्वेश्वरय्यांनी १९०३ च्या सुमारास याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. उसाचे क्षेत्र ठरावीक गटांपुरते ठेवून पाणी वाटण्याचा तो प्रयत्न होता. तोवर बराच खोलगट भाग पाणथळ झाला होता.

ओलित रान खारवते हे लोकांना दिसत होते. प्रश्न होता क्षार येतात कुठून. कालव्याचे पाणी तर गोडे. मॅन आणि ताम्हाणे यांनी हे दुखणे कालव्यामुळे वर आलेल्या भूजलाशी आणि जमिनीच्या निचऱ्याशी जोडले. क्षार आधीपासून खालीच होते, पाण्याने त्यांना वर आणले. आज कोणताही कृषी सहायक हे सांगेल, पण १९१० साली ते मातीच्या नमुन्यांवरून मांडावे लागले.

खड्डा खणल्यावर दिसणारे थर

हे नीट कळायला कालवा नसलेल्या, कोरड्या माळरानापासून सुरुवात करावी. कमी पावसाच्या प्रदेशात पाऊस मातीतून फार खोल जात नाही. तो विरघळणारे पदार्थ खाली नेतो आणि जिथे ओल संपते तिथे टाकून देतो. कोणता पदार्थ कुठे थांबणार हे त्याच्या विद्राव्यतेवर ठरते. चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाण्यात अगदी कमी विरघळतो, म्हणून तो सर्वांत आधी, वरच्या बाजूला थांबतो. आपल्या काळ्या जमिनीत दोन-तीन फुटांखाली पांढऱ्या खड्यांचा, चुनखडीचा थर लागतो तो हाच. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. एका लिटर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅम विरघळते, म्हणून चुनखडीच्या खाली जाऊन बसते. मीठ आणि सोडियम सल्फेट सहज विरघळतात, ते सगळ्यात खोल जातात.

राजस्थानात नागौर-बिकानेर भागात जिप्समचे चांगले जाड साठे आहेत आणि शेतीला लागणारे बहुतेक जिप्सम तिथूनच येते. दख्खनमध्ये तसे साठे नाहीत. इथे कमी पावसाच्या भागातल्या काही खोल काळ्या जमिनींत बारीक चमकणारे स्फटिक सापडतात, तेवढेच. ते जिप्सम आहे की चुन्याचा खडा हे बांधावरच ओळखता येते. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम, नखाला दाद दिली नाही तर चुनखडी. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर चुनखडी फसफसते, जिप्सम गप्प राहते. खालच्या थरात जिप्सम असणे ही चांगली गोष्ट आहे, कारण तो कॅल्शियमचा साठा आहे.

आता या जमिनीवर बारमाही पाणी सोडा. खाली मुरूम किंवा कठीण खडक, बाजूला उतार नाही, ओढा गाळाने भरलेला. पाण्याची पातळी दरवर्षी थोडी वर येते. ती जमिनीपासून पाच-सहा फुटांवर आली की काळ्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार वरच राहतात. थरांचा क्रम उलटा होतो. खोल बसलेले सोडियमचे क्षार डोक्यावर येतात.

इथपर्यंत जमीन खारवट असते. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू बहुधा ८.५ च्या आत, आणि माती अजून भुसभुशीत. निचरा करून गोड्या पाण्याने धुतली तर ती सुधारते. खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतो आणि तिथल्या कॅल्शियमला हाकलतो. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की कण एकमेकांना धरून राहत नाहीत. पाऊस पडला की चिखल, वाळली की वीट. पाणी वर तुंबून राहते आणि हातभर खाली माती कोरडी असते. सामू ८.५ च्या पुढे, कधी ९ च्याही वर जातो. हीच चोपण. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत, कालवा नसतानाही अशा जमिनी आहेत. तो आपला खारपाणपट्टा. तिथे माती आणि विहिरीचे पाणी दोन्ही बिघडलेले आहे.

चोपणीची खूण घरी तपासता येते. वाळलेले छोटे ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडावे, ढवळू नये. दोन तासांनी भोवतीचे पाणी दुधासारखे गढूळ झाले तर सोडियम जास्त आहे असे समजावे. ढेकूळ नुसते ढासळले आणि पाणी स्वच्छ राहिले तर एवढी चिंता नाही. ही खूण आहे, प्रयोगशाळेची जागा ती घेत नाही. विहिरीचे पाणी या परीक्षेला वापरू नये, त्यातल्या क्षारांमुळे चोपण मातीसुद्धा स्वच्छ दिसते.

जिप्सम कुठे चालते, कुठे नाही

जिप्सम चोपणीवर का चालते याचे रसायन अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ई. डब्ल्यू. हिल्गार्ड यांनी मॅन यांच्या आधीच मांडले होते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघून जातो. या वाक्यातला शेवटचा भाग शेतकरी विसरतो आणि विक्रेता मुद्दाम सांगत नाही. पाण्याबरोबर निघून जायला वाट हवी. चर नसलेल्या पाणथळ रानात टाकलेले जिप्सम म्हणजे पैसे चिखलात. आधी चर, मग जिप्सम, मग वाफ्यात पाणी साठवून निचरा आणि त्यानंतर ताग किंवा धैंचा गाडणे, हा क्रम मोडू नये. किती टाकायचे ते माती परीक्षणातल्या जिप्समच्या गरजेवरून ठरते. ते पावसाळ्याआधी बारीक करून वरच्या चार ते सहा इंचांत मिसळावे. खाली भरपूर चुनखडी असेल तर गंधक किंवा मळी, शेणखत यांनीही तोच चुना विरघळवून कॅल्शियम मोकळा करता येतो, वेळ मात्र लागतो.

जवाहरनगर, पवनी, लाखांदूरकडच्या वाचकांसाठी इथे थोडे थांबावे लागेल. भंडारा त्या काळी मध्य प्रांतात होता, मॅन यांच्या कारभाराबाहेर. शिवाय इथे १,२०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो क्षारांना टिकू देत नाही. सिहार, मोरांड आणि बरडी जमिनींत जिप्समचा थर शोधण्यात अर्थ नाही, आणि सामू न तपासता सुधारक म्हणून जिप्सम घेण्यातही नाही. भारी कन्हार जमिनीचे तसे नाही. गोसीखुर्दच्या कालव्याखाली भाताच्या जोडीला उन्हाळी पीक आणि ऊस आला, नाले बुजले, तर पाण्याची पातळी इथेही वर येईल. पाऊस जास्त असल्याने क्षार साचायला वेळ लागेल, पण पाणथळपणाला लागणार नाही. विहिरीतली पाण्याची पातळी एप्रिल-मे महिन्यात दरवर्षी मोजून वहीत लिहून ठेवणे, एवढे तरी आजपासून करता येईल.

मातीतून माणसांकडे

मॅन यांच्या कामाची यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेवर त्यांच्या नावाशेजारी इथल्या सहकाऱ्याचे नाव आहे. कोकणातल्या राब पद्धतीवर जोशी आणि कानिटकर, बटाट्यावर नागपूरकर आणि कुलकर्णी, चोपणीवर ताम्हाणे. त्या काळच्या साहेबी खात्यात हे सरसकट होत नसे. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींच्या पाण्याचेही त्यांनी पृथक्करण केले, ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. खालच्या पाण्याचा शोध त्यांनी नीरेवर सोडून दिला नव्हता.

त्याच सुमारास ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावी सहकाऱ्यांसह घरोघरी फिरले. जमीन कोणाची, किती तुकडे, कर्ज किती, पोट कशावर भरते. १९१७ साली निघालेल्या त्या पुस्तकातला एक आकडा पुढे सगळीकडे गेला. १७७१ साली तिथे सरासरी धारण ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. १९२१ साली कानिटकरांबरोबर त्यांनी दुसरे गाव पाहिले, शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक, पूर्ण कोरडवाहू. पुणे शहरातल्या अस्पृश्य वस्त्यांची पाहणीही त्यांनी केली होती. मला वाटते, नासलेल्या जमिनीचा आणि तुकड्यांच्या जमिनीचा प्रश्न त्यांना एकच दिसत असावा. सात एकरांतला एक एकर चोपण झाला तर घराचे काय होते हे प्रयोगशाळेत कळत नाही.

१९१८ साली ते मुंबई इलाख्याचे शेती संचालक झाले आणि १९२७ साली निवृत्त. नीरेचे काम दुसऱ्यांनी पुढे नेले. १९१६ पासून सी. सी. इंग्लिस यांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांवरच्या पाण्याचा आणि नासलेल्या जमिनींचा अभ्यास चालवला. १९३२ साली नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथे जे. के. बसू यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या मातीचे थर एक-एक करून तपासले. आज सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या केंद्रात भूमिगत चरांवर काम चालते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना सच्छिद्र पाइपचे चर परिचयाचे आहेत. खर्च मोठा आहे आणि एकट्याच्या शेतात चर काढून भागत नाही, कारण पाणी सोडायला शेजाऱ्याच्या बांधापलीकडचा ओढा लागतो. गावातली माणसे एकत्र आली नाहीत तर चांगली योजनाही ओढ्याच्या तोंडाशी अडते.

मॅन इंग्लंडला परतले ते आराम करायला नव्हे. १९२८ साली ते वोबर्न प्रयोगक्षेत्रावर गेले आणि १९५६ पर्यंत तिथे राहिले. तिथल्या वाळूमय रानात वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिल्याने माती इतकी आम्ल झाली होती की गहू आणि सातू येईनासे झाले होते, आणि तिथला उपाय चुना होता. नीरेवर सोडियमने मारलेली जमीन, वोबर्नला खताच्या आम्लाने. दोन्ही ठिकाणी कॅल्शियमच निघून गेला होता.

महाराष्ट्र मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १९५५ साली, वयाच्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षी, १८६५ ते १९३८ या काळातल्या दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळाचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६१ साली ते वारले. पिंपळे सौदागरला आता सात एकरही कोणाकडे शेतीसाठी राहिलेले नाहीत, तिथे इमारती आहेत. जातेगाव बुद्रुक अजून शेतीचे गाव आहे.