सम्राट अशोकांच्या मुदपाकखान्यातील दोन मोर

सम्राट अशोकांचे चरित्र सांगताना आपण बहुधा कलिंगाच्या रणांगणापाशी थांबतो. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर लढलेल्या त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली, हे चंद्रगुप्त मौर्यांच्या या नातवाने स्वतःच शिळेवर कोरवून ठेवले. परंतु तो पश्चात्ताप पुढे राजवाड्याच्या मुदपाकखान्यापर्यंत पोहोचला, ही हकिकत क्वचितच सांगितली जाते.

पूर्वी तेथे कालवणासाठी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, अशी कबुली पहिल्या शिलालेखात आहे. हा आकडा अलंकारिक असावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो जपूनच वापरावा. त्यापुढचा आकडा मात्र विलक्षण नेमका आहे : दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नव्हे. पुढे हे तीन जीवही मारले जाणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले. केवळ कीर्तीसाठी लिहिणारा राजा आपल्या ताटातील उणीव अशी दगडावर कोरीत नाही.

शिकारीचेही तसेच झाले. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी ते संबोधीच्या, म्हणजे बुद्धगयेच्या, यात्रेस गेले आणि राजांच्या विहारयात्रांची जागा धम्मयात्रांनी घेतली. हे सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्याच सोपाऱ्यात सापडला.

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरचा पाचवा स्तंभलेख सर्वांत तपशीलवार आहे. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर यांना अभय मिळाले. गाभण वा दूध पाजणारी शेळी, मेंढी आणि डुकरीण, तसेच सहा महिन्यांच्या आतील पिले मारण्यास बंदी झाली. जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, विनाकारण वणवे लावू नयेत, ठराविक तिथींना मासे मारू वा विकू नयेत, बैलांचे खच्चीकरण करू नये, घोड्यांना आणि बैलांना डाग देऊ नयेत, असेही नियम झाले.

या यादीत सरसकट मांसबंदी नाही आणि गोवधबंदीही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात याच स्तंभलेखाकडे लक्ष वेधले. मेलेल्या गुरांचे मांस खावे लागले म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या वारसांना हा तपशील किरकोळ वाटणार नाही. अशोकांची करुणा बैलाच्या पाठीवरील डागापर्यंत गेली; पण कोणाच्या ताटात काय आहे यावरून त्यांनी माणसांच्या पायऱ्या लावल्या नाहीत. अलीकडे अहिंसेच्या नावाने जे चालते, त्याच्याशी याची गल्लत होऊ नये.

शिवाय बंदीच्या मर्यादाही त्यांना ठाऊक होत्या. सातव्या स्तंभलेखात ते मान्य करतात की जीवांना न मारण्याच्या बाबतीत नियमांनी थोडेच साधले, समजावण्याने अधिक. मौर्यांची दंडसत्ता हाती असलेल्या माणसाने हे लिहावे, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

सोपाऱ्याजवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचाही तुकडा मिळाला, तोही १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक करतात त्या क्षुल्लक विधींपेक्षा खरा मंगलविधी कोणता, हे त्या लेखात सांगितले आहे. प्राण्यांविषयीचा संयम त्यात आहेच. पण दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हे त्याच्याही आधी येते.