रुडॉल्फ डिझेल : वाफेच्या उधळपट्टीला उत्तर शोधणारा अभियंता

जबलपूरहून इटारसी आणि कटनीच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गांवर आता विजेच्या तारा आहेत. जबलपूर येथे मुख्यालय असलेली पश्चिम मध्य रेल्वे २०२१ मध्ये संपूर्ण विद्युतीकरण पूर्ण करणारी देशातील पहिली विभागीय रेल्वे ठरली. मुंबई-हावडा मार्गाच्या या भागात कित्येक दशके मालगाड्या ओढण्याचे काम डिझेल इंजिनांनी केले होते. याच शहरात लष्करासाठी शक्तिमान ट्रक तयार होत असत. १९५९ पासून सुरू झालेले हे उत्पादन पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेइकल फॅक्टरीत गेले आणि १९९६ पर्यंत चालले. शक्तिमानचा आराखडा जर्मनीच्या मान या कंपनीचा होता. जगातील पहिले डिझेल इंजिन ज्या कारखान्यात चालले, तो ऑग्सबुर्गचा कारखाना याच कंपनीचा पूर्वज होय.

मालवाहतूक डिझेलवर चालावी की विजेवर, आणि धुराचे नियम किती कडक असावेत, हा वाद सध्या सर्वत्र सुरू आहे. त्यात डिझेल हे नाव बहुधा आरोपी म्हणूनच घेतले जाते. मराठी बातम्यांत डिझेलचे भाव हा शब्दप्रयोग नित्याचा आहे, मात्र ते एका माणसाचे आडनाव आहे याचे स्मरण होण्याचा प्रसंग क्वचितच येतो. या माणसाने आपले यंत्र उधळपट्टी थांबवण्यासाठी रचले होते. त्यासाठी विशिष्ट खनिज तेलच हवे, असाही त्याचा आग्रह नव्हता.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील थिओडोर हे बव्हेरियातून आलेले पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचे कारागीर होते. घरची परिस्थिती बेताची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन रहिवाशांना फ्रान्स सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथेही निभाव लागेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे एकट्यालाच पाठवण्यात आले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात इकडे जबलपूरला ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे एकमेकींना मिळाल्या होत्या आणि मुंबई-कोलकाता लोहमार्ग पूर्ण झाला होता. अर्थात त्यावरील प्रत्येक गाडी वाफेवर चालत होती.

ऑग्सबुर्गला ज्यांच्या घरी रुडॉल्फ राहिला, ते बार्निकेल गणित शिकवत. मुलाने लवकर कामाला लागावे अशी आईवडिलांची इच्छा होती, परंतु त्याने शिष्यवृत्ती मिळवून म्युनिचच्या तंत्रशाळेत प्रवेश घेतला. तेथे शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे त्याचे प्राध्यापक होते. उत्तम वाफेचे इंजिनसुद्धा कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णतेचेच काम करते, उरलेली सारी वाया जाते, हे लिंडे यांनी १८७८ मधील एका व्याख्यानात स्पष्ट केले. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वहीच्या समासात याविषयी टिपण केले आणि हा विषय पुढे त्याची पाठ सोडीना. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्याची अंतिम परीक्षा हुकली. जानेवारी १८८० मध्ये ती देऊन त्याने सर्वोच्च गुण मिळवले.

यानंतर डिझेल यांनी लिंडे यांच्या बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांच्या व्यवसायात दीर्घ काळ नोकरी केली, आधी पॅरिसमध्ये आणि १८९० पासून बर्लिनमध्ये. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. फावल्या वेळात वाफेऐवजी अमोनियाच्या बाष्पावर चालणारे इंजिन बनवण्याचे प्रयोग चालले होते. त्यात एकदा स्फोट होऊन ते गंभीर जखमी झाले. तो मार्ग त्यांनी सोडला, मूळ प्रश्न मात्र सोडला नाही.

नवी कल्पना सांगायला सोपी होती. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की तिचे तापमान इंधनाच्या ज्वलनबिंदूच्याही वर जावे. मग त्या तप्त हवेत थोडे थोडे इंधन सोडायचे. ते ठिणगीशिवाय आपोआप पेटते. हवा जितकी अधिक दाबावी, तितका उष्णतेचा अधिक वाटा कामी येतो. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी या सिद्धांतावर पुस्तक प्रसिद्ध केले. ऑग्सबुर्ग यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिश फॉन बुत्स यांनी आरंभीच्या संकोचानंतर प्रयोगांसाठी जागा आणि माणसे दिली. क्रुप कंपनीनेही पैसा पुरवला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडताच असा भडका उडाला की दाब मोजणारे उपकरण फुटून गेले. यंत्र स्वतःच्या बळावर चालले नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी बाहेरच्या पट्ट्याने फिरवले जाणारे इंजिन एकाएकी स्वतःच पट्टा ओढू लागले. ही गोष्ट प्रथम तेथील कारागीर लिंडर यांच्या लक्षात आली. त्यांनी काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. ते पहिले चालणे सुमारे एक मिनिटाचे होते. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी सुधारित इंजिनाची औपचारिक चाचणी घेतली. रॉकेलवर चाललेल्या त्या इंजिनाने इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हा आकडा अडीच पटींहून अधिक होता.

याच वर्षी अमेरिकेतील हक्क बिअर उद्योजक अ‍ॅडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना विकत घेतले. डिझेल अल्पावधीत धनाढ्य झाले. म्युनिचमध्ये त्यांनी मोठा बंगला बांधला, जमिनींच्या व्यवहारांत पैसा गुंतवला आणि त्यांतच तो गमावलाही. कारखान्यांनी घाईने बाजारात आणलेली आरंभीची इंजिने बिघडत असत. मूळ पेटंटमधील ज्वलनाची कल्पना आणि प्रत्यक्ष चालणारे इंजिन यांत फरक आहे, असा आक्षेप घेणारे प्रतिस्पर्धी न्यायालयात गेले. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. पहिल्या पेटंटमध्ये कल्पिलेली रीत साधणारी नाही हे कळल्यावर डिझेल यांनी ती स्वतःच बदलली होती. या साऱ्या काळात त्यांना तीव्र डोकेदुखी आणि मानसिक थकवा यांनी ग्रासले होते.

इंधनाविषयी त्यांची दृष्टी आजच्या वादाच्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. आरंभी त्यांच्या डोळ्यांसमोर कोळशाची पूडही होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले. वसाहतींना बाहेरून इंधन आणावे लागू नये हा त्यामागील हेतू होता. पुढे १९१२ मध्ये डिझेल यांनीही वनस्पती तेलांना भविष्यात महत्त्व येईल असे मत मांडले. हे यंत्र लहान कारागिराला मोठ्या कारखान्यांसमोर टिकून राहण्यास मदत करील, अशीही त्यांची धारणा होती. महाराष्ट्रातील विहिरींवर पंप चालवणाऱ्या इंजिनांनी ती काही अंशी खरी केली, असे म्हणता येईल. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने यात मोठा वाटा उचलला.

मालवाहतुकीत या इंजिनाचा जम त्यांच्या हयातीत फक्त समुद्रावर बसू लागला होता. सेलांडिया हे मोठे डिझेल जहाज १९१२ मध्ये कोपनहेगनहून बँकॉकला निघाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर-रोमान्सहॉर्न मार्गावर पहिल्या डिझेल रेल्वे इंजिनाच्या चाचण्या झाल्या. त्या समाधानकारक ठरल्या नाहीत. अडचण मूलभूत होती. वाफेचे इंजिन स्थिर असताही चाकावर पूर्ण जोर लावू शकते, डिझेल इंजिन फिरू लागल्याशिवाय जोर देत नाही. पुढे तोडगा निघाला तो विजेच्याच साहाय्याने. डिझेल इंजिनाने जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवरील मोटारींनी चाके. भारतीय रेल्वेने १९६० च्या दशकापासून ज्यांच्यावर भिस्त ठेवली, ती डब्ल्यूडीएम-२ जातीची २,६०० अश्वशक्तीची इंजिने याच पद्धतीची होती. म्हणजे ज्याला आपण डिझेल इंजिन म्हणतो, ते वस्तुतः स्वतःचे वीजघर सोबत घेऊन फिरणारे विजेचेच इंजिन आहे. डिझेल की वीज हा रेल्वेपुरता वाद म्हणूनच वीजघर गाडीवर असावे की दूर कोठे तरी, एवढाच उरतो.

ट्रकचा प्रश्न वेगळा होता. डिझेल यांच्या काळी इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने सिलिंडरमध्ये सोडले जाई आणि त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर वाहनाला परवडण्याजोगा नव्हता. हे ओझे टाळणाऱ्या रचना १९२० च्या दशकात आल्या. मान कंपनीने १९२४ मध्ये थेट इंधन सोडणाऱ्या इंजिनाचा ट्रक सादर केला आणि १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. तोवर डिझेल यांच्या मृत्यूला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडमधील हार्विचकडे ड्रेस्डेन या बोटीने निघाले. इप्सविच येथे त्यांच्या इंजिनाच्या नव्या कारखान्याचा कार्यक्रम होता. ही बोट एका ब्रिटिश रेल्वे कंपनीची होती आणि वाफेवर चालत होती. रात्री सोबत्यांबरोबर भोजन करून, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. खिशातील वस्तू काढून घेऊन देह पुन्हा समुद्राला देण्यात आला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे पुत्र ऑयगेन यांनी ओळखले. डोक्यावर मोठे कर्ज होते, दैनंदिनीत त्या तारखेसमोर फुलीसारखी खूण होती. त्यामुळे आत्महत्येचा तर्क सर्वाधिक मानला जातो. अपघाताची आणि घातपाताचीही चर्चा झाली, पण निर्णायक पुरावा कधीच मिळाला नाही.

डिझेल यांनी आयुष्यभर एकच हिशेब मांडला : किती उष्णता दिली आणि किती काम मिळाले. धुराड्यातून काय बाहेर पडते, हा रकाना त्यांच्या काळाच्या वहीत नव्हता. आणि गोम अशी की, ज्या गुणामुळे हे इंजिन काटकसरी ठरते, तोच त्याचा दोषही आहे. अतितप्त हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. जेथे इंधन दाट आणि हवा अपुरी राहते, तेथे काजळी धरते. तापमान उतरवले तर ऑक्साइडे घटतात, पण काजळी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. फोक्सवॅगन कंपनीने चाचणीच्या वेळीच धूर कमी दाखवणारी प्रणाली मोटारींत बसवल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा या दुहेरी पेचातून सुटण्यासाठी एक मोठा उद्योग कोठवर जाऊ शकतो, हेही दिसले.

भारताने एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज चारवरून एकदम सहावर उडी घेतली. इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. जड वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून सुमारे ०.४ ग्रॅमवर आली. त्यामुळे नव्या ट्रकवर काजळी गाळणारी चाळणी आणि युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली, किंमतही वाढली. हे नियम रस्त्यावरील नव्या वाहनांपुरते आहेत. जुने ट्रक आपापल्या काळच्या नियमांनुसारच धावत राहतात, आणि मालकाला नवे वाहन परवडेपर्यंत हवेत फारसा फरक पडत नाही. नियमांच्या कडकपणावर होणाऱ्या चर्चेत या मुद्द्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही.

विजेच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आयातीचा आहे. भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. परंतु तारेतील वीज कोठून येते, हेही पाहावे लागते. मध्य प्रदेशातच सिंगरौली जिल्ह्यात ४,७६० मेगावॅटचे विंध्याचल औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशावरील केंद्रे उष्णतेच्या साधारण एक-तृतीयांश भागाचीच वीज करतात. डिझेल यांच्या १८९७ च्या हिशेबापासून हा आकडा फार दूर नाही आणि आजच्या चांगल्या डिझेल इंजिनाहून तो सरस तर नाहीच. फरक असा की, वीज उद्या सूर्यापासून किंवा वाऱ्यापासूनही घेता येते आणि त्यासाठी रेल्वेचे इंजिन बदलावे लागत नाही. शिवाय धुराडे वस्तीपासून दूर नेता येते, मात्र सिंगरौलीची वस्ती ही देखील वस्तीच आहे.

वाराणसीच्या ज्या कारखान्यात १९६४ पासून डिझेल रेल्वे इंजिने तयार झाली, तेथे दोन जुनी मालवाहू डिझेल इंजिने विद्युत इंजिनात बदलून १०,००० अश्वशक्तीची जोडी तयार करण्यात आली. २०१९ मध्ये ती रुळावर आली. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या नावातील डिझेल हा शब्द काढून त्याचे बनारस रेल इंजन कारखाना असे नामकरण झाले. जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मात्र मालाचे ट्रक अजून बहुतांशी त्याच तत्त्वावर धावतात, जे ऑग्सबुर्गच्या कारखान्यात एक मिनिटभर चालले होते.