भूमिहीनांचा मोर्चा आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड

कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटले की काळाराम मंदिराचा सत्याग्रह प्रथम आठवतो. ते स्वाभाविकच आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला तो लढा नाशिकमध्ये त्यांनीच नेटाने चालविला. परंतु त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध व्यापला तो देवळाच्या नव्हे, तर जमिनीच्या प्रश्नाने. आणि आम्हांस तो भाग अधिक मोलाचा वाटतो.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. उच्च शिक्षण त्यांच्या वाट्यास आले नाही. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात गेले. खोती नष्ट व्हावी म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेबांनी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपात हा पक्ष व साम्यवादी कामगारनेते खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लाल बावट्याशेजारी निळा झेंडा उभा राहणे ही दादासाहेबांनी पुढे काढलेली नवी वाट नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

कारण आक्षेप नेमका तोच होता. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेब संयुक्त महाराष्ट्र समितीत डाव्या पक्षांबरोबर राहिले व १९५७ मध्ये नाशिकहून लोकसभेवर निवडून आले. १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, एवढी साधी मागणी! तरीही पक्षातील काही सुशिक्षितांना त्यात साम्यवाद दिसला. रिपब्लिकन पक्ष दुभंगला. दादासाहेबांच्या गटास 'नादुरुस्त' म्हणून हिणविण्यात आले, त्यांच्या धोतराचीही थट्टा झाली. मतभेद प्रामाणिक असतील. पण गावकुसाबाहेर राहून दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यास सनदशीर मार्गाचा उपदेश फार काळ पुरत नाही, हे त्या धोतरवाल्या पुढाऱ्यास ठाऊक होते.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत संसदेवर मोर्चा गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले. कसेल त्याला जमीन, पडीक जमिनीचे भूमिहीनांना वाटप, धान्याचे रास्त वाटप, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यांत लेकुरवाळ्या स्त्रिया होत्या, म्हातारी माणसे होती. आमच्या वाडीवस्तीवरील कितीतरी घरांत आजोबा-आजींच्या तुरुंगवासाची गोष्ट अजून सांगितली जाते.

तैलचित्र लागले. काही ठिकाणी जमिनीही मिळाल्या, पुष्कळ ठिकाणी मिळाल्या नाहीत. गायरानाचे खटले अजून चालूच आहेत. १९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री लाभली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. आमच्या विद्यार्थ्यांशी ज्या मागणीचा थेट संबंध, ती बौद्धांच्या सवलतींची मागणी केंद्राने मान्य केली १९९० मध्ये. तेव्हा त्यांना जाऊन एकोणीस वर्षे होत आली होती.