दामोदर कोसंबी : धरून चालावं, पण तपासून पाहावं



मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं मला अडवलं. विज्ञानसुद्धा सिद्ध न होणाऱ्या गृहीतांवरच उभं आहे, मग ते आणि पुराणातल्या कथा यांत फरक तो काय, असं त्यानं विचारलं. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव सोडले. मग एक खुंटा सोडून दुसरा धरला, एवढंच झालं का, हा त्याचा खरा सवाल. मी सूतगिरणीतला कामगार, शाळा अर्धवट सुटलेली. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढं दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं चरित्र वाचलं आणि उत्तर सापडलं.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद म्हणजे बुद्धाच्या ओढीनं घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालणारे पाली पंडित. वडिलांबरोबर दामोदर १९१८ साली अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे मानाचे पदवीधर झाले. परत आल्यावर त्यांनी बनारस, अलीगढ आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज इथं गणित शिकवलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पर्यंत काम केलं.

त्यांचा विषय भूमितीचा. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते, हे शाळेत आपण मानूनच चालतो. दोन हजार वर्षं विद्वानांनी धडपड केली, पण ते सिद्ध होईना. एकोणिसाव्या शतकात काहींनी ते गृहीतच बदललं, तर वेगळी पण बिनचूक भूमिती तयार झाली. तसल्याच भूमितीवर आइन्स्टाइननं १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त उभा केला. गृहीत बदललं म्हणून कुणाला पाप लागलं नाही.

कोसंबींनी हीच रीत इतिहासात आणली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणजे वजनावरून त्याचं वय ताडता येईल, असं त्यांनी धरलं. पण नुसतं धरून थांबले नाहीत. आपल्या काळातली चालू नाणी तोलून झीज खरंच तशी होते का ते पाहिलं, मग प्राचीन नाण्यांना हात घातला. कार्ले, जुन्नरची बौद्ध लेणी, घाटवाटा, खेड्यातल्या शेंदूर फासलेल्या देवी, हे सगळं पायी हिंडून पाहिलं. दैवतकथा खोटी म्हणून फेकून न देता तिच्या पोटात कोणत्या माणसांचं जगणं दडलंय, हे त्यांनी शोधलं. १९६२ चं त्यांचं ‘मिथ अँड रिॲलिटी’ हे पुस्तक त्याचंच.

एवढा माणूसही चुकला. मूळ संख्यांबद्दल रीमान या जर्मन गणितज्ञानं १८५९ साली एक अंदाज मांडला होता. तो आपण सिद्ध केला, असा दावा कोसंबींनी १९५९ साली केला. गणितज्ञांनी तपासलं, सिद्धता टिकली नाही. त्यांच्या नावाला मोठा धक्का बसला. तो अंदाज आजही सिद्ध झालेला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात कोसंबींचं निधन झालं.

त्या पोराला आता मी सांगेन, बाबा, तुझं अर्धं बरोबर आहे. निसर्ग आज ज्या नियमानं चालला त्याच नियमानं उद्या चालेल, हेसुद्धा कुणी सिद्ध केलेलं नाही. आपल्या बीड जिल्ह्यात शेतकरी कापूस काट्यावर घालतो तेव्हा काटा खरा हे धरूनच चालतो. पण शंका आली तर माहितीचं वजन ठेवून काटा पाहता येतो, आणि खोटा निघाला तर बदलता येतो. पोथीतल्या कथेला असं वजन लावू दिलं जात नाही. शंका घेणाराच पापी ठरतो. आणि ज्या दिवशी आपण विज्ञानालाही शंका विचारायचं बंद करू, त्या दिवशी त्याचीही पोथीच होईल.

परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू बोलला म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं. त्यांनी स्वतःलाही त्यातून वगळलं नाही. म्हणून घरात पोरगं प्रश्न विचारील तेव्हा त्याला गप्प बसवू नका, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!